सफोकच्या जुन्या गावात राहायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून काम मिळालं, जवळच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, किंवा लंडनचं भाडं झेपेना म्हणून इंग्लंडच्या गावाकडे यायचा विचार करणारे मराठी लोक मला बरेच मेसेज करतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी पूर्व इंग्लंडमधल्या सफोक काउंटीत, लॅव्हनम गावाच्या आसपास राहते, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. नियम मात्र इंग्लंडचे धरा, स्कॉटलंड-वेल्सचे बरेच वेगळे असतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय.

१. गाव म्हणजे नेमकं केवढं? दुकान-बिकान असतं का?

लॅव्हनम इथल्या मानाने मोठं गाव, वस्ती १७०० च्या आसपास. तिथे किराणा आहे, प्राथमिक शाळा आहे, डॉक्टर आहे, पब आहेत, टुरिस्ट येतात म्हणून चहाची दुकानंही आहेत. पण त्याच्या आजूबाजूला दोनशे-तीनशे वस्तीची गावं आहेत जिथे एक चर्च, एक व्हिलेज हॉल आणि एक लाल पोस्टाची पेटी एवढंच असतं, दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. घर बघताना फोटोतल्या तुळया बघून हरखून जाऊ नका, आधी चालत काय काय गाठता येतं ते बघा. माझ्या मते दुकान असलेलं गाव आणि नसलेलं गाव यात राहण्याचा जो फरक आहे तो घराच्या साइजच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

२. पाचशे वर्षांपूर्वीची घरं अशी रांगेने उभी कशी राहिली? एवढं जपलं कोणी?

हा प्रश्न माझ्या आवडीचा. लॅव्हनम लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालं, तिथलं निळं कापड युरोपात जायचं, आणि १५२४ च्या करपट्टीत हे एवढंसं गाव इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत ठिकाणांत होतं. तेव्हाच्या पैशातून चर्चचा १४१ फुटी टॉवर उभा राहिला आणि १५३० च्या सुमाराला कॉर्पस क्रिस्टी गिल्ड या धार्मिक संघाचा गिल्डहॉल, जो आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. पुढे धंदा दुसरीकडे गेला, हलकं आणि स्वस्त कापड आलं, आणि गावाकडे पैसाच उरला नाही. पैसा नाही म्हणजे घरं पाडून नवी बांधणंही नाही. श्रीमंत गावांनी दर शतकात स्वतःला नवं केलं, लॅव्हनमला ते परवडलं नाही, आणि म्हणून आज तिथे ३०० हून जास्त लिस्टेड इमारती (म्हणजे काय ते प्रश्न ९ मध्ये) आहेत. वाकलेली लाकडी चौकट, गुलाबी चुन्याच्या भिंती, एकमेकींना टेकलेली घरं, हे सगळं गरिबीने राखलंय हे मला तिथल्या रस्त्यावरून जाताना दर वेळी आठवतं. जाणूनबुजून जपणं फार उशिरा, विसाव्या शतकात सुरू झालं.

३. गावात सगळे साठी-सत्तरीचेच का? तरुण मंडळी गेली कुठे?

इंग्लंडच्या ग्रामीण भागात साधारण चारांतलं एक माणूस ६५ च्या पुढचं आहे, शहरात ते सहांतलं एक. जुन्या देखण्या गावात प्रमाण आणखी चढतं. कारणं दोन्हीकडून आहेत. अठराव्या वर्षी मुलं युनिव्हर्सिटीला जातात आणि परत येत नाहीत, कारण गावात तसं काम नाही, आणि गावातल्या घराची किंमत गावातल्या पगारात बसत नाही. उलट बाजूने लंडनचं घर विकून निवृत्त जोडपी येतात, त्यांना तीच किंमत परवडते. काही घरं नुसती सुट्टीची असतात, हिवाळ्यात दिवाच दिसत नाही. म्हणून एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) लावायची मुभा काउन्सिलांना दिलीय.

लॅव्हनमला पूर्वी रेल्वे होती, १९६१ मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. आता जवळचं स्टेशन सडबरी, साधारण सात मैलांवर, तिथून मार्क्स टेला गाडी बदलून लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट. अशा गोष्टीही तरुणांना बाहेर ढकलतात.

४. मग आम्ही चाळिशीतले लोक तिथे करणार काय? ओळखी कशा होतात?

काम करून. बाकी उपाय हळू आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, गाव चालवणारी माणसंच सत्तरीच्या पुढची आहेत. व्हिलेज हॉलचं बुकिंग एखाद्या ७८ वर्षांच्या बाई बघत असतात, गावचं मासिक घरोघर टाकणारे काका ८१ चे, हॉस्पिटलला नेणारी कम्युनिटी कार स्कीम चालवणारे स्वतः निवृत्त, चर्चच्या आवारातलं गवत कापणारे, पायवाटेवरची काटेरी झुडपं तोडणारे, फुलांचा रोटा (पाळ्यांची यादी) सांभाळणारे सगळे त्याच वयाचे. सरकारी यंत्रणा गावापर्यंत पातळ होत होत पोचते आणि मधली जागा या लोकांनी स्वतःच्या वेळाने भरून काढलीय, कित्येक ठिकाणी तर बंद पडायला आलेलं दुकान नाहीतर पबसुद्धा गावकऱ्यांनी शेअर काढून विकत घेतलाय आणि काउंटरवर पाळीपाळीने उभे राहतात. आणि हे लोक आता दमायला लागलेत, पुढे कोण करणार ही काळजी त्यांना खरोखर आहे. तुम्ही येऊन नुसतं सुंदर घरात राहिलात, ऑनलाइन डिलिव्हरी मागवली, वीकेंडला लंडनला गेलात, तर कोणी वाईट वागणार नाही, पण तुम्ही जे गाव बघून आलात त्याचा एक एक खांब तुमच्या डोळ्यांदेखत निखळेल. म्हणून येण्याआधीच ठरवा की आठवड्यातले दोन-तीन तास गावाचे.

सुरुवात सोपी आहे. कॉफी मॉर्निंगला जा, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये असते, ख्रिश्चन असायची गरज नाही. तिथे कप विसळायला आत जा, टेबलावर बसून राहिल्यापेक्षा सिंकपाशी ओळखी पटकन होतात. उन्हाळ्यात गावची जत्रा असते, तिला फेट म्हणतात, तेव्हा तंबू लावायला धडधाकट माणसं हवीच असतात. विमेन्स इन्स्टिट्यूट ही बायकांची संस्था ब्रिटनमध्ये १९१५ पासून आहे, महिन्याला एक बैठक, एखादं भाषण, केक आणि भरपूर गप्पा, त्यात मराठी बायकांना मजा येते असा माझा अनुभव. आणि ज्याला हिशोब नि गणित आवडतं त्याने चर्चच्या घंटा वाजवायला शिकावं, इथे घंटा सुरांत न वाजवता क्रम बदलत बदलत वाजवतात, शिकवायला लोक आनंदाने तयार असतात कारण दोर ओढायला माणसंच पुरत नाहीत.

स्किल्ड वर्कर व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवा चालते. पाहुण्या आईबाबांचा नियम वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

५. गावात आपण एकटेच ब्राऊन असू. कसे वागतात लोक?

खरं सांगते, बहुतेक वेळा आपण एकटेच किंवा दुसरे-तिसरे असतो. कुतूहल पुष्कळ. “मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न पहिल्या महिन्यात सारखा येतो. म्हातारी माणसं विचारतात तेव्हा बहुतेकदा त्यांना गोष्टच ऐकायची असते, कोणाचे वडील युद्धात बर्मा फ्रंटवर भारतीय सैनिकांबरोबर होते, कोणाची आत्या देवळालीला जन्मली, आणि त्यांना ते सांगायला दुसरं कोणी मिळालेलं नसतं. ऐकून घ्या, फार छान गोष्टी निघतात.

खटकणारं बोलणंही होतं, होत नाही असं मी म्हणणार नाही. शब्द जुने आणि चुकीचे असतात, कधी पबमध्ये एखादा मुद्दाम बोलतो. शांतपणे “असं म्हणू नका, मला लागतं” म्हटलं की दहांतले नऊ ओशाळतात. धमकी, पाठलाग, घरावर काही टाकणं असलं काही झालं तर ते सहन करायचं नाही, धोका असेल तर ९९९, नाहीतर १०१ वर पोलिसांना कळवायचं आणि हेट क्राइम हा शब्द वापरायचा. मुलांना शाळेत त्रास झाला तर लगेच लेखी द्या, लहान शाळेत हेडटीचर थेट भेटतात.

६. ऐंशीच्या बाईंना नुसतं नावाने हाक मारायची? तोंडातून निघत नाही.

निघायला वेळ लागतो, माझंही तेच झालं. पण इथे नावाने हाक मारणं म्हणजे आपलं मानणं. पहिल्या भेटीत आडनावाने हाक मारा, त्या स्वतःच “अगं, नावाने म्हण” सांगतात. डॉक्टर, व्हिकर (चर्चचे धर्मगुरू) यांनाही बहुतेक नावानेच.

७. गाडीशिवाय जमेल का?

लॅव्हनमसारख्या ठिकाणी जेमतेम जमेल, बस सडबरी आणि बरी सेंट एडमंड्स या शहरांना जाते, पण संध्याकाळी लवकर संपते आणि रविवारचा भरवसा नाही. लहान गावात जमत नाही. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, त्यानंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही देऊन इथलं घ्यावं लागतं, आणि टेस्टची तारीख मिळायला महिनोन्‌महिने जातात, तेव्हा आल्या आल्या अर्ज करा.

गावाकडचं ड्रायव्हिंग शहराहून वेगळं. एका गाडीपुरत्या रस्त्यावर कायद्याने ताशी ६० मैलांपर्यंतचा वेग चालतो पण वळणापलीकडे ट्रॅक्टर असतो. घोडा दिसला की वेग १० मैलांवर आणायचा, २ मीटर अंतर ठेवायचं, हे हायवे कोडमध्येच आहे. समोरच्याने जागा दिली की हात वर करून आभार मानायचे. तो बहुतेक तुमचा शेजारीच असतो.

पेन्शनच्या वयाच्या लोकांना फुकट बस पास असतो, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर, शनिवार-रविवार दिवसभर. तो इथे कायम राहणाऱ्यांनाच मिळतो, पाहुण्या आईबाबांना नाही.

८. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर? डॉक्टर किती लांब?

गावाचा सगळ्यात महाग भाग हा आहे, अंतर. लॅव्हनमहून मोठं हॉस्पिटल, वेस्ट सफोक हॉस्पिटल, बरी सेंट एडमंड्समध्ये आहे, अकरा-बारा मैल, वाटेत एकही सिग्नल नसला तरी अँब्युलन्सला यायला वेळ लागतो. म्हणून बऱ्याच गावांत कम्युनिटी फर्स्ट रिस्पॉन्डर असतात, म्हणजे ट्रेनिंग घेतलेले गावकरी ज्यांना अँब्युलन्स सेवाच आधी पाठवते. शिवाय डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका द्यायचं यंत्र, तो अनेकदा जुन्या लाल फोन बूथमध्ये असतो, कारण फोन कंपनी ते बूथ गावाला एका पाउंडात देते. पहिल्याच आठवड्यात तो कुठे आहे बघून ठेवा. पेटीला कुलूप असेल तर कोड ९९९ वाले सांगतात.

जिवावर बेतलेलं नसेल तर १११, ही आरोग्यसेवेची फोनलाइन. औषधांची एक सोय कळत नाही लोकांना, फार्मसीपासून १.६ किलोमीटरहून लांब राहणाऱ्या पेशंटना काही ग्रामीण डॉक्टर स्वतःच्याच दवाखान्यातून औषध देऊ शकतात, तेव्हा नोंदणी करताना विचारा. साठीनंतर प्रिस्क्रिप्शन फुकट.

दातांचं मात्र कठीण. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, डेंटिस्टची सफोकमध्ये इतकी बोंब आहे की ‘टूथलेस’ नावाची चळवळ इथल्याच लेस्टन गावातून सुरू झाली. भारतात जाल तेव्हा दात दाखवून या.

९. लिस्टेड घर म्हणजे काय? भाड्याने घेतलं तरी आम्हाला नियम लागतात का?

लागतात. लिस्टेड म्हणजे राष्ट्रीय यादीत नोंदलेली इमारत, ग्रेड वन, टू स्टार आणि टू असे तीन दर्जे, नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू. लोकांना वाटतं फक्त दर्शनी भिंत. तसं नाही, आतलं लाकूड, जिना, फळ्यांचे दरवाजे, चूल, कधी कधी अंगणातली जुनी भिंतसुद्धा. ज्या बदलाने इमारतीचं वैशिष्ट्य बदलतं त्याला काउन्सिलची लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागते, अर्जाला फी नाही, पण विनापरवानगी काम करणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, दिवाणी नाही, फौजदारी. ज्याने केलं तो, मग मालक असो की भाडेकरू.

विकत घेणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही केलं असेल तर खटला तुमच्यावर होत नाही, पण ते पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते आणि त्याला काळाची मर्यादा नाही. म्हणून नव्या दिसणाऱ्या प्रत्येक खिडकीचा, प्रत्येक काढलेल्या भिंतीचा कागद मागा.

घर लिस्टेड नसलं तरी असं जुनं गाव बहुतेकदा कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) असतं, मग अंगणातलं झाड तोडण्यापूर्वीसुद्धा सहा आठवडे आधी काउन्सिलला कळवावं लागतं, अगदी बारीक झाडं सोडून.

१०. थंडी फार असते म्हणे. डबल ग्लेझिंग, सोलर, किचनला एक्झॉस्ट फॅन, काय काय करता येतं?

जुन्या खिडक्या काढून डबल ग्लेझिंग लावायला लिस्टेड घरात परवानगी मिळणं अवघड. आतून दुसरी काच लावतात, सेकंडरी ग्लेझिंग, ते बहुतेक ठिकाणी मान्य होतं आणि आवाजही कमी होतो, तरी आधी विचारा. सोलरला परवानगी लागते, मागच्या उताराला किंवा अंगणात मिळण्याची शक्यता जास्त.

ओल हा खरा शत्रू. या घरांच्या भिंती चुना, माती, लाकूड यांच्या आहेत, त्या श्वास घेतात, आणि कोणीतरी भलं करायला जाऊन सिमेंट मारतो की आतलं पाणी आतच अडकून लाकूड कुजतं. चुन्याचं काम येणारा गवंडीच बोलवा, जास्त पैसे घेईल, द्या.

आता फोडणी. बाहेरच्या भिंतीला भोक पाडून एक्झॉस्ट काढणं म्हणजे परत कन्सेंट. ती मिळेपर्यंत झाकण ठेवून फोडणी, खिडकी उघडी, आणि स्मोक अलार्म किचनपासून जरा लांब पण चालू. बंद कधीच करू नका, लाकडी चौकटीच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांत आग एका घरापुरती राहत नाही.

११. गॅसची लाइन नाही लिहिलंय. मग?

तेल. अंगणात टाकी असते, त्यात केरोसिन टँकरने भरतात, साधारण कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागतं. म्हणजे एकदम मोठी रक्कम. सरकारची वीज-गॅसच्या दरावर जी मर्यादा असते ती तेलाला लागू नाही, त्यामुळे भाव उसळतात. गावात तेल-खरेदीचा गट असतो, सगळ्यांची ऑर्डर एकत्र करून भाव पाडून घेतात, शेजाऱ्यांना विचारा आणि नाव घाला. उन्हाळ्यात भरा.

ड्रेनेजचंही तसंच, बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असतो, साधारण वर्षातून एकदा उपसावा लागतो. त्याचं पाणी थेट ओढ्यात किंवा खंदकात सोडणं आता चालत नाही, घर घेण्याआधी ते कुठे जातं याची तपासणी करून घ्या.

१२. वर्क फ्रॉम होम आहे. नेट चालेल?

गावानुसार नव्हे, गल्लीनुसार बदलतं. पत्ता टाकून स्पीड बघा आणि शेजाऱ्याला विचारा. मोबाइलला जाड भिंतीत रेंज नसते, वायफाय कॉलिंग चालू ठेवा. वीज जाते, तेव्हा १०५ हा नंबर.

यातच म्हाताऱ्यांचा एक मोठा प्रश्न आहे. जुनी तांब्याच्या तारेची लँडलाइन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होतेय, फोन आता राउटरवर चालतो, म्हणजे वीज गेली की फोन गेला. गळ्यात मदतीचं बटण घालणाऱ्यांचं ते बटण जुन्या लाइनवर असेल तर बदलावं लागतं. कंपनीला सांगून बॅटरी बॅकअप मिळतो, वीज कंपनीच्या प्रायॉरिटी रजिस्टरमध्ये (आधी मदत लागणाऱ्यांच्या यादीत) नाव नोंदवता येतं, पण हे फॉर्म ऑनलाइन असतात आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच ते भरता येत नाहीत. तुम्ही आयटीत असाल तर गावाला तुमच्याकडून हवी असलेली मदत हीच.

१३. आईबाबांना सहा महिने आणलं तर त्यांना करमेल का?

लंडनच्या उपनगरापेक्षा इथे जास्त करमतं हे मी अनेक घरांत पाहिलंय. कारण साधं, दिवसा गावात त्यांच्या वयाची माणसं असतात. सकाळी फिरायला निघालं की चार लोक थांबून बोलतात, इंग्रजी मोडकं असलं तरी हवा, गुडघे आणि नातवंडं हे विषय पुरतात. लंच क्लब असतो, विणकामाचा गट असतो, आईला क्रोशे येत असेल तर ती पहिल्याच दिवशी मधोमध बसलेली असेल. पायवाटा सार्वजनिक हक्काच्या असतात, शेतातून गेल्या तरी चालतं, फक्त फाटक जसं होतं तसं ठेवायचं.

अडचणी दोन. हिवाळ्यात चार वाजता अंधार होतो, म्हणून एप्रिल-मे ते सप्टेंबर आणा. आणि तब्येत: व्हिजिटर व्हिसावर इमर्जन्सी विभागातले उपचार आणि जीपीला (नेहमीच्या डॉक्टरला) दाखवणं फुकट, पण ॲडमिट झाले की बिल एनएचएसच्या दराच्या १५० टक्के. इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसवू नका.

ते गावात स्वयंसेवा करू शकतात का, हाही प्रश्न येतो. भेटीचा मुख्य हेतू तो नसेल, संस्था नोंदणीकृत चॅरिटी असेल आणि एकूण ३० दिवसांच्या आत असेल तर चालतं.

१४. मुलांची शाळा?

गावच्या प्राथमिक शाळा लहान, दोन-दोन इयत्ता एका वर्गात, शिक्षकांना प्रत्येक मुलाचं घर माहीत. अनेक शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या, प्रार्थना असते, नको असेल तर पालक लिहून देऊन मुलाला वगळू शकतात. सेकंडरीला बसने बाहेरगावी. सगळ्यात जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालच्या मुलाला २ मैलांहून आणि त्यापुढे १६ पर्यंत ३ मैलांहून लांब असेल तर प्रवास फुकट. पण ‘सगळ्यात जवळची’ हा शब्द पाळला जातो, तुम्ही आवडीने दुसरी निवडलीत तर बस तुमची तुम्ही.

वर्गात मित्र कमी असतात, ते मान्य करूनच या.

१५. मेथी, कोथिंबीर, गणपती, दिवाळी यांचं काय?

भाजीसाठी अलॉटमेंट घ्या. पॅरिश कौन्सिल (इथली ग्रामपंचायत, प्रश्न १८) भाड्याने जमिनीचा तुकडा देते, पूर्ण प्लॉट साधारण २५० चौरस मीटर, सुरुवातीला अर्धा मागा. मेच्या मध्यापर्यंत दंव पडू शकतं, मेथी-कोथिंबीर त्यानंतर पेरा, मिरची काचेखाली. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांना मेथीची जुडी दिलीत की बदल्यात रनर बीन्स थांबतच नाहीत. बाकी वाणसामान इप्सविच किंवा केंब्रिजहून महिन्याला एकदा.

गणपतीला लंडनला जाणारे जातात, १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहेच डॉलिस हिलला. पण घरी बसवा आणि गल्लीला आरतीला बोलवा असं मी आग्रहाने सांगेन. शाडूची मूर्ती आणि विसर्जन घरीच बादलीत, ओढ्यात नको.

दिवाळीचा एक पेच. कायद्याने एरवी रात्री ११ नंतर फटाके बंद, दिवाळीच्या रात्री मात्र १ वाजेपर्यंत परवानगी आहे. परवानगी आहे म्हणून उडवू नका. आजूबाजूला गवताची छपरं असतात, घोडे बिथरतात, आणि शेजारी नव्वदीचे. पणत्या लावा, फराळाची ताटं द्या. चकली सगळ्यांना आवडते.

१६. शेजारच्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत. आपण काय करायचं, किती करायचं?

दार वाजवा. फोन करा. पडदे सकाळी उघडले नाहीत, दूध दारात तसंच आहे, ही खूण गावात सगळे बघत असतात, तुम्हीही बघा. उत्तर नाही आलं तर किल्ली कोणाकडे असते ते शोधा, आणि काही झालंय असं वाटलं तर ९९९, पोलीस दार उघडतात. पडलेल्या माणसाला घाईने उचलायचं नाही, आधी फोन.

मर्यादा पैशाच्या बाबतीत ठेवा. बँकेचं कार्ड, पिन, सह्या यापासून लांब राहा, कितीही जवळीक असली तरी. सामान आणून दिलंत तर पावती द्या. त्यांना व्यवहार झेपेनासे झाले असतील तर मुलांना किंवा काउन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरला कळवा, मुखत्यारपत्र हे त्यांनी शुद्धीत असताना ठरवायचं. आणि गोळ्या द्यायच्या, आंघोळ घालायची असं काम नकळत अंगावर येऊ लागलं तर थांबून सांगा, त्यासाठी केअरर असतात. तुम्ही शेजारी राहणंच त्यांना जास्त हवंय.

१७. गावात कोणी गेलं तर जायचं का? काय घालायचं?

जायचं. अशा गावात हिवाळ्यात हे वारंवार येतं. अंत्यविधी लगेच होत नाही, दोन-तीन आठवडे जातात, तारीख नोटीस बोर्डावर लागते. चर्चमधल्या विधीला निमंत्रण लागत नाही, गडद कपडे घाला, मागच्या बाकावर बसा. रंगीत कपडे घालून या असं घरच्यांनी सांगितलं असेल तर तसं. त्याआधी दोन ओळींचं कार्ड दारातून टाका, त्यात त्या माणसाची एखादी खरी आठवण लिहा. नंतर हॉलमध्ये चहा-सँडविच असतं, तिथे थांबा, आणि महिन्याभराने, सगळे पांगल्यावर, घरी एकटं उरलेल्या माणसाला जेवायला बोलवा. तो महिना सगळ्यात वाईट असतो.

१८. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच ना? आपल्याला मत आहे का?

बरीचशी, १८९४ च्या कायद्याने सुरू झालेली. अधिकार थोडे, हॉल, बाकं, दफनभूमी, अलॉटमेंट, नव्या बांधकामावर मत देणं. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून वैध व्हिसावर मतदार होऊ शकतात, सगळ्याच निवडणुकांत, हे इतक्या लोकांना माहीत नसतं की मी प्रत्येकाला सांगते. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.

निवडणुकीला उभं राहायला मात्र आयएलआर (कायम राहायची परवानगी) लागतो, किंवा अर्थात ब्रिटिश नागरिकत्व. ते असेल तर गावातच राहायला हवं असं नाही, गावापासून ३ मैलांच्या आत वर्षभर राहिलात तरी चालतं. बऱ्याच जागांना उमेदवारच नसतो. बैठकीला कोणीही येऊन बसू शकतं, दोन-तीनदा बसा, मग ठरवा.

१९. वकील म्हणतोय “चान्सेल रिपेअर इन्शुरन्स घ्या.” हे फसवणूक आहे का?

नाही, हे खरं आहे आणि जुन्या चर्चच्या गावातच येतं. मध्ययुगापासून काही जमिनींवर चर्चच्या पूर्वेकडचा भाग, चान्सेल, दुरुस्त करायची जबाबदारी चिकटलेली आहे. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या एका जोडप्यावर ती आली, केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली, २००३ मध्ये ते हरले आणि लाखो पाउंडांचा खर्च अंगावर पडला. त्यानंतर नियम झाला की १३ ऑक्टोबर २०१३ पूर्वी ही जबाबदारी लँड रजिस्ट्रीत नोंदवायची. त्यानंतर पैसे देऊन झालेल्या खरेदीत, नोंद नसेल तर नव्या मालकाला ती सहसा लागत नाही. पण घर त्या तारखेनंतर विकलंच गेलं नसेल, वारशाने किंवा बक्षीस म्हणून आलं असेल, तर प्रश्न उरतो. सर्चचा, म्हणजे जुन्या नोंदी तपासायचा, खर्च थोडा असतो, इन्शुरन्सही स्वस्त, घेऊन टाका. पण इन्शुरन्स घ्यायच्या आधी स्वतः चर्चला पत्र लिहून विचारू नका, तशी चौकशी केली की पॉलिसी मिळणं अवघड होतं. वकिलालाच करू द्या.

त्याच वेळी वकिलाला आणखी दोन गोष्टी विचारा, अंगणातून सार्वजनिक पायवाट जाते का, आणि तुमच्या घराचा काही भाग शेजाऱ्याच्या खोलीवर किंवा खाली येतो का. लॅव्हनमसारख्या दाटीत हे दोन्ही सर्रास असतं, आणि सही करायच्या आधीच कळलेलं बरं.